शून्याला चार गुण

सहाव्या प्रश्नातल्या ‘ब’वर सगळ्या परीक्षकांचा जीव जडला होता. पेपर तपासणीच्या हॉलमध्ये असं प्रेम सहसा कुठल्या प्रश्नाच्या वाट्याला येत नाही. पण ‘ब’ची गोष्टच वेगळी. मंडळाने छापून दिलेल्या आदर्श उत्तरसूचीत त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं, ‘शून्य’, आणि त्या एका शब्दाला चार गुण होते. मुलाने शून्य लिहिलं असेल तर चार द्यायचे, दुसरं काही लिहिलं असेल तर शून्य द्यायचं, आणि पान उलटायचं. विचार करायचा प्रश्नच नव्हता, आणि दुपारी जेवणानंतर माणसाला एवढंच हवं असतं.

“कोणीतरी देवमाणूस आहे हा पेपर काढणारा,” गणितवाले म्हणाले. ते मुळात गणिताचे शिक्षक. भौतिकशास्त्राचे परीक्षक कमी पडले तेव्हा मंडळाने त्यांना इकडे ढकललं होतं, आणि सहा वर्षं झाली तरी परत बोलवायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. “भेटला तर पाया पडेन म्हणतो.”

शेजारच्या खुर्चीवरचे फूटपट्टी सर विनयाने हसले आणि मग घाईघाईने त्यांनी ते हसू गिळलं. कारण तो देवमाणूस म्हणजे ते स्वतः होते, आणि पेपर कोणी काढला हे जगात कोणालाही कळता कामा नये असा मंडळाचा नियम होता.

फूटपट्टी हे नाव मुलांनी ठेवलेलं. वहीतल्या चुकीखाली सर लाल रेघ मारत ती पट्टी लावून. हाताने मारलेली रेघ वाकडी जाते आणि मग मूल चुकीऐवजी रेघेकडेच बघत बसतं, असं त्यांचं म्हणणं. एकतीस वर्षं त्यांनी शिकवलं, सव्वीस वर्षं पेपर तपासले आणि अकरा वर्षं गुपचूप काढले. तीन महिन्यांनी शाळेतून निवृत्त व्हायचं होतं. शाळा सुटण्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. शाळेत सभा असतात आणि पालक असतात. तपासणी मात्र निवृत्त झाल्यावरही सत्तरीपर्यंत करता येत असे. सरांनी आपलं पुढचं सगळं आयुष्य त्यावरच बेतलं होतं. वर्षातून दोनदा हा तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, ही लांब टेबलं, सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि कोणीही न भांडता पिऊन टाकतो असा बेचव चहा. म्हातारपणाकडून त्यांची एवढीच अपेक्षा होती.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, जिथे पंखा पोचत नाही त्या जागेवर, नव्या बाई बसत. नाव होतंच त्यांना काहीतरी, पण पहिलंच वर्ष असल्यामुळे ते विचारायची वेळ अजून कोणावर आली नव्हती. बाकीचे दिवसाला तीस पेपर हातावेगळे करत तिथे बाईंचे बारा होत. त्या उत्तरं वाचत. ही सवय वर्षा-दोन वर्षांत जाते, असं जाणकारांचं मत होतं.

दोनच्या सुमाराला मुख्य नियामक बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. परीक्षकाने तपासलेल्या दर दहा पेपरांतला एक नियामकांनी पुन्हा बघायचा असतो. त्यांच्या हातात तो एक होता.

“बाई, हे काय आहे?”

“काय, साहेब?”

“सहा ब. मुलीने शून्य लिहिलंय. तुम्ही शून्य दिलंय.”

“हो. चुकलंय तिचं.”

“सूचीत शून्य आहे.”

“मग सूचीचं पण चुकलंय,” बाई म्हणाल्या. उद्धटपणाने नाही, ‘तुमच्या शर्टाचं एक बटण तुटलंय’ हे सांगावं तशा आवाजात.

बेचाळीस लाल पेनं थांबली. साहेबांनी आजवर आदर्श उत्तरसूची फाटलेली पाहिली होती, तिच्यावर चहा सांडलेला पाहिला होता, एकदा ती दोन दिवस सापडत नव्हती तेही पाहिलं होतं. चुकलेली पाहिली नव्हती.

“बाई, ही आदर्श उत्तरं आहेत. वर लिहिलंय तसं.”

“पण साहेब, प्रश्न बघा ना.” बाईंनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. “दोन सारख्या वस्तुमानाचे ग्रह आहेत. त्यांच्या बरोबर मध्यबिंदूवर गुरुत्वीय विभव किती? विभव विचारलंय. ओढ विचारली असती, म्हणजे क्षेत्रतीव्रता, तर शून्य बरोबर होतं. डावा डावीकडे ओढणार, उजवा उजवीकडे ओढणार, दोघांची फिटंफाट. पण विभवाला दिशाच नसते, मग फिटंफाट होणार कशी? त्याची नुसती बेरीज होते. विभव म्हणजे आपण किती खोलात आहोत ते. मधला दगड हलणार नाही हे खरं, जागा सपाट आहे. पण सपाट म्हणजे वर असं थोडंच आहे? एकच ग्रह असता तर जेवढ्या खोलात असता, त्याच्या दुप्पट खोलात आहे तो.”

“बाई तास घेतायत,” कोणीतरी कुजबुजलं.

“अहो पण चार मार्कांत एवढं सगळं कुठे लिहायचं पोरांनी?” गणितवाले म्हणाले.

“लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “माझ्या गठ्ठ्यात सहा जणांनी लिहिलंय.”

नव्या बाईंचं बरोबर आहे हे सरांना त्यांच्या दुसऱ्या वाक्यालाच कळलं होतं. इतकं साधं, अकरावीच्या मुलालाही समजावं असं. ही सूची कुठल्या गाढवाने केली, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो पुरता येऊन बसायच्या आधीच सरांचे पाय गार पडले.

त्यांना ती दुपार आठवली. मूळ पेपरात दोन उपप्रश्न होते. एकात मध्यबिंदूवरची ओढ विचारली होती, दुसऱ्यात तिथलंच विभव. मुद्दामच तसे होते. ओढ संपली म्हणून खोली संपत नाही, हे मुलांना कळतंय का ते सरांना बघायचं होतं. मंडळाच्या समितीकडून चिठ्ठी आली, ‘पेपर लांब झाला आहे, एक उपप्रश्न कमी करावा.’ सरांनी प्रश्नांच्या कागदावर पहिला प्रश्न खोडला. मग उत्तरांचा कागद घेतला आणि दुसरं उत्तर खोडलं. दोन्ही रेघा पट्टीने मारल्या होत्या. अगदी सरळ आल्या होत्या.

त्यांनी सकाळपासून तपासलेला आपला गठ्ठा पुन्हा सोडला. ‘शून्य’ न लिहिणारे सात निघाले. सकाळी ही सात उत्तरं त्यांनी वाचलीही नव्हती, कारण सूची पाठ होती आणि सूची कोणाची आहे हे माहीत होतं. आता त्यांनी वाचलं. त्यांतल्या दोघांनी काहीच्या बाही लिहिलं होतं. पाच बरोबर होते. एकाने तर सूत्र मांडून झाल्यावर खाली लिहिलं होतं, ‘वस्तू तिथे शांत बसेल, पण तिला तिथून बाहेर काढायला दोन्ही ग्रहांपासून सोडवावं लागेल.’ त्या वाक्याखाली लाल रेघ होती, आणि समासात शून्य होतं. सरांच्या अक्षरातलं, गोल आणि सुबक.

तिकडे साहेबांचा आवाज बसला होता. ते मुळात चांगले गृहस्थ होते, आणि चांगल्या गृहस्थांना नियम मोडणारी माणसं समोर आली की घशाचा त्रास होतो. “हे बघा बाई, सूची बरोबर की चूक हे तुम्ही ठरवायचं नाही, मीही ठरवायचं नाही. अठरा हजार पेपर या सूचीप्रमाणे तपासले गेलेत. उद्या साडेदहाला माझ्या टेबलाशी या. सूचीप्रमाणे गुण बदला आणि ‘नजरचुकीने झालं’ म्हणून दोन ओळी लिहून द्या. विषय संपला.”

“नजरचूक नाही झालेली, साहेब.”

“नाहीतर तुमचं नाव परीक्षकांच्या यादीतून वगळावं लागेल. आणि यादीतून वगळलं की तुमच्या शाळेला पत्र जातं. तुम्ही शाळेत कायम झालात का?”

“पुढच्या महिन्यात होणार आहे,” बाई म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आला. “होणार होते.”

चहाच्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी बाईंनी सरांना गाठलं. “सर, तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. तुम्हाला काय वाटतं?”

सरांनी पेला तोंडाला लावला आणि लावूनच ठेवला. पाणी संपलं तरी ठेवला. “मत असं आहे,” शेवटी ते म्हणाले, “की भौतिकशास्त्राच्या दृष्टीने बघितलं तर एक आहे. आणि नियमांच्या दृष्टीने बघितलं तर, म्हणजे, दुसऱ्याही बाजूचा विचार करायला हवा.”

“कुठल्या बाजूचा?”

“दुसऱ्या,” सर म्हणाले, आणि पेला विसळायला लागले. तो पेला कागदाचा होता.

घरी पोचले तेव्हा बायको शिवणयंत्रावर बसून शेजारणीच्या पडद्यांना दुमड घालत होती. सरांनी बूट काढले, एक कपाटात ठेवला आणि दुसरा हातात घेऊन उभे राहिले.

“पेपरात घोळ घातलात वाटतं,” बायको यंत्र न थांबवता म्हणाली.

“कसल्या पेपरात?”

“तुम्ही काढता त्या.”

बूट खाली पडला. “मी पेपर काढतो हे तुला कोणी सांगितलं? अगं, ते अत्यंत गोपनीय असतं!”

“दर वर्षी थंडी सुरू झाली की तुम्ही आतल्या खोलीला कडी लावून बसता. विचारलं की म्हणता, कात्रणं चिकटवतोय. अकरा वर्षं झाली. या घरात एक कात्रण मी बघितलेलं नाही आणि डिंक तर मीच आणते, तो आहे तसा आहे.” तिने दोरा दातांनी तोडला. “तुमच्या बहिणीलाही माहीत आहे. बसा आता. काय झालं ते सांगा.”

सरांनी सगळं सांगितलं. दोन उपप्रश्न, दोन रेघा, सात पेपर, बाई, कायम होणं आणि न होणं. एवढं सांगून झालं तरी बायकोचा चेहरा कोरा.

“यातलं ते शून्य मला नाही कळलं,” ती म्हणाली. “दोघं सारखंच ओढतायत, मधला आहे तिथेच आहे. मग शून्यच की.”

“ओढ शून्य. खोली शून्य नाही.”

“नाही कळलं.”

सर टेबलावर दोऱ्याची दोन रिळं मांडून मध्ये बटण ठेवायला लागले. बायको बघत होती. मग तिने बटण उचललं आणि म्हणाली, “थांबा, थांबा. धाकटीच्या वेळी मी झोपून होते ना दोन महिने? तुमच्या आई एका बाजूला, माझी आई दुसऱ्या बाजूला. ही म्हणायची खिडकी उघडा, ती म्हणायची लावा. शेवटी ती अर्धी उघडी राहायची. येणारे-जाणारे म्हणायचे, काय नशीबवान आहे, किती निवांत पडलीय! निवांत कसली? मला कोणी इकडेही ओढत नव्हतं आणि तिकडेही ओढत नव्हतं, हे खरं. पण नुसतं गॅलरीत जाऊन उभं राहायचं म्हटलं तर आधी दोघींना पटवावं लागायचं. एकटी सासू असती तर निम्म्या कष्टात सुटले असते.”

सर तिच्याकडे बघतच राहिले. “एकतीस वर्षांत,” ते म्हणाले, “इतकं चांगलं मी कधी शिकवलं नाही.”

“मग चार मार्क द्या मला.”

“देता येत नाहीत. सूचीत शून्य आहे.”

बायको हसली, पण थोडंच. पडदा घडी करून बाजूला ठेवला. “आणि आता तुमचं काय म्हणणं आहे?”

“माझं म्हणणं काय असणार? नियम आहे. पेपर काढणाऱ्याने आपली ओळख सांगितली की त्याचं नाव मंडळाच्या सगळ्या कामांतून कायमचं जातं. काढणंही गेलं आणि तपासणंही गेलं.”

“मग निनावी पत्र टाका.”

“निनावी पत्रांसाठी मंडळात वेगळी टोपली आहे. तिच्यावर तसं लेबल आहे.”

“गोपनीय खात्याला कळवा.”

“तीन आठवड्यांनी उत्तर येतं. बाईंना उद्या साडेदहाची वेळ दिलीय.”

बायकोने पुढचा पडदा यंत्राखाली सरकवला, पण चालवला नाही. निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर घरात काय करेल, हा विचार त्या घरात दोघांनीही स्वतंत्रपणे बराच केला होता, आणि दोघांनाही त्याचं उत्तर ‘तपासणी’ असं मिळालेलं होतं.

“किती वर्षांच्या आहेत बाई?” तिने विचारलं.

“आपल्या धाकटीएवढ्या असतील.”

“हं,” बायको म्हणाली, आणि यंत्र सुरू केलं. त्यानंतर ती त्या विषयावर एक अक्षर बोलली नाही. सरांना ते बोलण्यापेक्षा जड गेलं. ती बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

सकाळी साडेदहाला साहेबांच्या टेबलाशी दोन कागद तयार होते. एकावर ‘नजरचुकीने’ असं लिहिलेलं होतं आणि खाली सहीसाठी जागा होती. दुसऱ्यावर ‘यादीतून वगळण्यात येत आहे’ असं होतं आणि खाली सहीसाठी जागा नव्हती, कारण तिथे बाईंच्या सहीची गरज नव्हती. बाई उभ्या होत्या. डोळ्यांवरून रात्री झोप झालेली दिसत नव्हती. बाकीचे परीक्षक आपापल्या गठ्ठ्यांत डोकं घालून बसले होते. त्या दहा मिनिटांत कोणी एकही पान उलटलं नाही.

“बसा की बाई,” साहेब म्हणाले. “मला तरी यात काय आनंद आहे? एक सही करा. पोरांचं काय एवढं? चार गुणांनी कोणाचं आयुष्य बदलत नाही.”

“साहेब, बारावीनंतर माझा प्रवेश हुकला होता तो तीन गुणांनी,” बाई म्हणाल्या. “सही नाही करत मी. दुसरा कागद द्या.”

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि दुसऱ्या कागदाकडे हात नेला. सर खुर्चीवरून उठले. उठताना खुर्ची करकरली, एवढी की शिपाईसुद्धा वळून बघायला लागला.

“साहेब, चूक बाईंची नाही. पेपर काढणाऱ्याची आहे.”

“असेल हो. पण तो कोण आहे हे आपल्याला माहीत नाही.”

“मला माहीत आहे.”

“सर!” साहेबांनी बोट वर केलं. “हे माहीत असणं हाच मुळी नियमभंग आहे. खाली बसा. मी काही ऐकलेलं नाही.”

“पेपर मी काढलाय.”

“मी ऐकलेलं नाही म्हटलं ना!” साहेब सरांचे वीस वर्षांचे मित्र होते. त्यांनी सरांना वाचवण्यासाठी त्या क्षणी जे जमेल ते केलं, म्हणजे समोरची फाईल उघडली आणि तिच्यात तोंड खुपसलं.

तेव्हा सरांनी, शेवटच्या बाकावरच्या मुलाला ऐकू जावं म्हणून एकतीस वर्षं वापरलेला आवाज काढला. “सहाव्या प्रश्नातला ब मी काढला. सूचीही मी केली. एक उपप्रश्न कमी करताना चुकीचं उत्तर खोडलं. बाई बरोबर आहेत. बाईंनी गुण बरोबर दिलेत. आणि मी काल पाच मुलांचे चार-चार गुण कापलेत, तेही चूक आहे.”

गणितवाल्यांनी हळूच चष्मा काढला. “तुम्ही?” ते म्हणाले. “चार दिवस माझ्या शेजारी बसून माझ्याच डब्यातलं खाताय, आणि तुम्ही?” थोडा विचार करून त्यांनी पुढे सांगितलं, “पाया पडायचं मी मागे घेतो.”

साहेबांनी फाईल मिटली. कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. हवं ते पान सापडायला वेळ लागला, कारण ती पानं एकमेकांना चिकटलेली होती. कोणी कधी उघडलीच नव्हती. डाव्या पानावर नियम एक्केचाळीस होता: पेपर काढणाऱ्याने आपली ओळख उघड केल्यास त्याला मंडळाच्या सर्व कामांतून कायमचं वगळण्यात यावं. उजव्या पानावर नियम बेचाळीस: उत्तरसूचीत दुरुस्ती करावयाची झाल्यास ती पेपर काढणाऱ्याने तपासणी केंद्रावर स्वतः हजर राहून, स्वहस्ते, सहीनिशी करावी. साहेबांनी आधी डावं पान वाचलं, मग उजवं वाचलं, मग परत डावं.

“म्हणजे दुरुस्ती करायची तर हजर व्हायला हवं,” ते म्हणाले, “आणि हजर झालं की माणूस गेला.”

“तसंच दिसतंय,” सर म्हणाले.

“म्हणूनच इतक्या वर्षांत सूचीत कधी चूक निघाली नाही!” साहेबांनी हे मोठ्या आश्चर्याने सांगितलं. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, “अरे, तीन महिने राहिले होते तुझे. त्यानंतर दहा वर्षं इथे बसायचं होतं तुला. मीच तुला माझ्या जागी सुचवणार होतो. गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं?”

“बाईंचं बिघडलं असतं.”

‘वगळण्यात येत आहे’ असं लिहिलेला कागद समोर होताच. साहेबांनी पेन घेतलं, बाईंचं नाव काळजीपूर्वक खोडलं आणि वर सरांचं लिहिलं. “या क्षणापासून तुम्ही इथे थांबू शकत नाही,” ते म्हणाले, आणि ‘तू’वरून ‘तुम्ही’वर येताना त्यांना किती त्रास झाला ते सगळ्यांना दिसलं. “पण केंद्रावर हजर राहून दुरुस्ती करायची आहे. तेव्हा तुम्ही, असं करा, व्हरांड्यात बसा. व्हरांडा केंद्रातच येतो. बहुतेक येतो.”

मग ते हॉलकडे वळले. “सगळे गठ्ठे सोडा. सहा ब नव्याने तपासायचा. अठरा हजारही परत मागवावे लागतील.”

बेचाळीस माणसं एकदम ओरडली.

“आणि ज्यांनी शून्य लिहिलं त्यांचं काय?” मागून कोणी विचारलं. “त्यांना चार मिळालेत. ते काय आता काढून घ्यायचे?”

“त्यांचं चुकलंय,” नव्या बाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “पण कारण म्हणून ओढ बरोबर मांडली असेल तर एक गुण द्यायला हरकत नाही, साहेब. अर्धी वाट आलीत ती पोरं.”

साहेबांनी ते टिपून घेतलं. काल ज्यांचं नाव कोणाला माहीत नव्हतं त्या बाईंना आज पंख्याखालून चार जणांनी विचारलं, “बाई, सूत्र नुसतं लिहिलं असेल तर किती?”

व्हरांड्यात एक लाकडी बाक होता, एका बाजूला कलणारा. सर त्याच्या न कलणाऱ्या बाजूला बसले. दहा मिनिटांनी बाई कोरा कागद आणि पॅड घेऊन बाहेर आल्या. साक्षीदार म्हणून हजर परीक्षकाची सही लागत होती आणि साहेबांनी त्यांनाच पाठवलं होतं.

“सर,” त्या म्हणाल्या, “काल नळापाशी मी तुम्हाला…”

“काल नळापाशी मी मूर्खासारखा वागलो,” सर म्हणाले. “कागद द्या.”

त्यांनी लिहायला घेतलं. ‘प्रश्न ६ ब, सुधारित उत्तर’ असं वर लिहून खाली रेघ मारली. पट्टी आत राहिली होती, त्यामुळे ती हातानेच मारली. विभव अदिश असतं, म्हणून दोन्ही ग्रहांमुळे असलेल्या विभवांची बेरीज होते, एका ग्रहाचं इतकं, दुसऱ्याचं तितकंच, म्हणून एकूण दुप्पट. त्यांनी शेवटचं सूत्र मांडलं, त्याभोवती चौकट काढली आणि कागद बाईंकडे दिला. बाईंनी वाचायला सुरुवात केली. सर बाहेर बघत राहिले. खाली रस्त्यावर एक आई लहान मुलाला सायकल शिकवत होती आणि मुलापेक्षा जास्त घाबरत होती.

बाईंचं बोट चौकटीपाशी येऊन थांबलं.

“काय झालं?”

“नाही, सर, काही नाही.” बाईंनी कागदाची कड दुमडली, उलगडली. “म्हणजे, मी तपासत असते तर चारपैकी तीन दिले असते.”

“का?”

“चिन्ह, सर.”

सरांनी कागद ओढून घेतला. विभव उणे असतं. पृथ्वीवर, चंद्रावर, दोन ग्रहांच्या मध्ये, कुठेही. आपण खोलात आहोत एवढंच ते उणे सांगतं. चौकटीत सूत्र होतं, दुप्पट होतं, सगळं होतं. उणे नव्हतं.

“खड्डा आहे तो,” बाई हळूच म्हणाल्या. “तुम्ही टेकडी केलीत.”

निवृत्तीला तीन महिने असलेला, सगळ्या कामांतून वगळलेला, एका सूचीत दोनदा चुकलेला माणूस व्हरांड्यातल्या कलत्या बाकावर बसून त्या चौकटीकडे बघत राहिला. मग सरांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग असं की बाक त्यांच्या बाजूलाही कलायला लागला. बाई आधी घाबरल्या, मग त्याही हसायला लागल्या, तोंडावर पॅड धरून, कारण आत तपासणी चालू होती.

“हे असंच गेलं असतं,” सर डोळे पुसत म्हणाले, “तर अठरा हजार पेपर तिसऱ्यांदा सोडावे लागले असते.”

“गणितवाल्यांनी तुम्हाला मारलं असतं, सर.”

सरांनी चौकटीत सूत्राआधी उणे चिन्ह घातलं. जागा कमी होती, त्यामुळे ते चौकटीच्या रेघेला टेकलं, पण दिसत होतं. खाली सही केली आणि कंसात ‘पेपर काढणारा’ असं लिहिलं. हे दोन शब्द स्वतःच्या नावाखाली त्यांनी कधी लिहिले नव्हते. बाईंनी शेजारी सही केली. तेव्हा कुठे सरांना त्यांचं नाव कळलं, आणि त्यांनी ते वाचून दाखवलं, बरोबर वाचलं का म्हणून विचारलं. बाई ‘हो’ म्हणाल्या आणि कागद घेऊन आत गेल्या.

शिपायाने नियमाप्रमाणे दार लावलं. सरांनी घरी जायला हवं होतं. पण बाकावर ऊन आलं होतं, आणि आत बेचाळीस गठ्ठ्यांच्या सुतळ्या सुटून पानं उलटण्याचा जो आवाज सुरू झाला होता तो सव्वीस वर्षं ऐकूनही त्यांना कधी बाहेरून ऐकायला मिळाला नव्हता. थोडं ऐकून उठू, असं त्यांनी ठरवलं.

एवढ्यात आतून कोणीतरी पेपर काढणाऱ्याला सणसणीत शिवी हासडली. आवाज गणितवाल्यांचा होता. दर वर्षी या हॉलमध्ये पेपर काढणाऱ्याला शिव्या पडतच, आणि सर त्यांत मान डोलवून सामील होत. या वेळची मात्र नाव घेऊन दिलेली होती. सरांना बरं वाटलं.